आधी पाणी दाखव

नवा व्हिडिओ गेम सुरू केला की लोक काय काय बघतात. कुणी सेकंदाला 60 फ्रेम पडतात का ते बघतं, कुणी नायिकेची बट वाऱ्यावर हलते का ते. कुणी अर्धा तास सेटिंगमध्येच घालवतं. मी पाणी शोधते. समुद्र, नदी, तळं, काहीच नसेल तर कमरेएवढं डबकं. नायकाला तिथवर पळवत न्यायचं आणि आत घालायचं. पोहला तर पुढचं बघू.

यावरून भाच्याचं आणि माझं दर वेळी वाजतं. "आत्या, स्टोरी तर सुरू होऊ दे की!" त्याचंही खरं आहे. साठवलेल्या पैशांत माझ्याकडची भर घालून त्यानं तो गेम आणलेला असतो, आणि चहा निवायच्या आत मी त्याचा नायक बुडवून मोकळी होते. तसा आमच्याकडं गेम नवा येतो तो बाकीच्यांचा खेळून झाल्यावरच. डिस्क हात बदलत येते. जुनी द्यायची, वर थोडे पैसे घालायचे, 'नवी' घ्यायची. मग रविवारी दुपारी जेवणं झाली की आम्ही दोघं टीव्हीसमोर, आणि वहिनी आतून, "झोपा की जरा गप!"

परवाच्या दुपारी होता 'डेथ स्ट्रँडिंग 2'. हिदेओ कोजिमा या जपानी गेमकाराचा. प्लेस्टेशन 5 वर तो आला 26 जून 2025 ला. कोल्हापुरात त्या दिवशी शाहू जयंती असते, पण टोकियोत बसून तारखा ठरवणाऱ्यांना ते ठाऊक असायचं कारण नाही. गेममध्ये काय करायचं, तर हमाली. सॅम नावाचा माणूस पाठीवर पेट्यांची उतरंड रचून डोंगर तुडवत सामान पोचवतो. गोळ्यागिळ्या आहेत, भुतंही आहेत, पण खरं वैर जमिनीशी. नदी लागली की त्याच्या खांद्यावरचं यंत्र पाणी मोजून रंगात दाखवतं. निळं असेल तर चाला. पिवळं म्हणजे दम लागणार. लाल म्हणजे पाय सुटला. माणूस एकीकडं, पेट्या दुसरीकडं, सगळं वाहत खाली. दुसऱ्या भागात पुराचीही सोय केली आहे, पाऊस झाला की नदी वर येते. आम्ही काठावर उभे होतो. वरून धो धो. भाच्यानं बटण दाबलं, समोरचा निम्मा पट्टा लाल झाला, आणि तो अगदी सहज म्हणाला, "आत्या, धोका पातळी."

माझा घास घशात अडकला असं म्हणणार होते, पण तोंडात फक्त बडीशेप होती.

पाण्याचं हे खूळ आजोळचं. आजोळ भोगावतीच्या काठाला. नदी होती तरी पोहायला शिकायचं विहिरीत, कारण विहिरीतून कोण वाहून जात नाही. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा, काथ्या काखेत असा काचायचा की रात्री भाताचा घास उचलतानाही हुळहुळायचं. आधी मुलांची पाळी. ती मुटके मारून मारून पाणी गढूळ करायची, मग आम्ही मुली. एका मामींनी एकदा विचारलंच, पोरींना कशाला हे. आजोबा म्हणाले, "नदीला पोरगा-पोरगी कळत नाही." आणि मला ढकललं. पुढच्या सुट्टीत डबा सुटला. त्याच्या पुढच्या सुट्टीत मी आणि दादा तळाची माती मुठीत आणून दाखवायचो. ज्याच्या मुठीत जास्त तो जिंकला. मुठी उघडेपर्यंत निम्मी माती वाटेतच सांडलेली असायची, मग भांडणं.

त्याच सुमारास घरी व्हिडिओ गेम आला. जपानच्या मूळ यंत्राची नक्कल, आणि कॅसेटवर 9999 गेम असल्याचं छापलेलं. त्यातले खरे हाताच्या बोटांवर, बाकी तेच नाव बदलून. फुंकर मारणं वगैरे सगळ्यांना माहीत आहे. दादा विहिरीवर हरला की इथं जिंकायचा. मला मात्र मारिओ बघून धक्का बसला होता. साधा खड्डा दिसला की हा मरतो, आणि पाण्याखालच्या लेव्हलला निवांत हात मारत फिरतो, श्वास घ्यायला एकदाही वर येत नाही! 1985 चा गेम आहे, त्यांना काय सुचणार, हे आत्ता म्हणते. तेव्हा मी स्वतःचा श्वास धरून खेळायची, आणि मारिओच्या आधी मीच धापा टाकायची.

'कॉन्ट्रा' माझा लाडका. पहिल्याच लेव्हलला जंगलाच्या पायथ्याशी पाणी आहे. वरून खाली उडी मारली की आमचा गडी मरत नाही, छातीएवढ्या पाण्यात पुढं जात राहतो. आणि खालचं बटण दाबलं की डोकं आत! वरून गोळ्या जातात, ह्याला काही लागत नाही. गोळी मारताही येत नाही, ते सोडा. दादा वर पुलावर शत्रूंच्या घोळक्यात तीन जीव घालवत असायचा आणि मी पाण्यात डोकं घालून बसलेली. "खेळ की!" म्हणून तो ओरडायचा. मी खेळतच होते. ज्या कुणी ते पाणी काढलं त्याला डुबकी मारण्यातलं सुख ठाऊक असणार, असं मला तेव्हापासून वाटतं.

आणि मग मोठे, महाग, जगभर वाखाणलेले गेम आले, आणि नायकांची पोहण्याची विद्याच गेली. 2002 चा, जीटीए मालिकेतला 'व्हाइस सिटी' घ्या. अख्खं शहर समुद्रात. किनारा, बोटी, पोहायच्या कपड्यातली माणसं. आणि टॉमी व्हर्सेटी, ज्याच्या नावानं शहर थरथरतं, तो पाण्यात उतरला की गेला. हात नाही, पाय नाही, आरडाओरडा नाही. समुद्राकाठी बंगला घेणाऱ्या माणसाला साधं तरंगता येऊ नये? आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत हा माणूस एक दिवस टिकला नसता. त्याच मालिकेतल्या 2004 च्या 'सॅन अँड्रियास'मध्ये सुधारणा झाली. तिथला सीजे पोहतो, बुडी मारतो, आणि पाण्याखाली राहायचा सराव केला तर त्याचा दमही वाढतो. त्या गेममध्ये मी सगळ्यात जास्त वेळ काय केलं ते वेगळं सांगायला नको. मारामाऱ्या दादानं केल्या.

अल्तायर, तीच कथा. 2007 च्या पहिल्या 'असॅसिन्स क्रीड'मधला. धर्मयुद्धाच्या काळातल्या मनोऱ्यांवर पालीसारखा सरसर चढणार, वरून गवताच्या गाडीत सूर मारणार, आणि बंदरात पाय घसरला की खलास. दोन वर्षांनी दुसऱ्या भागात एझिओ व्हेनिसला आला, कालव्यांच्या गावात, म्हणून त्याला पोहायला शिकवलं असणार. नाहीतर त्यांनी शिकवलं नसतं.

कारणं मला कळतात. जमिनीवरच्या माणसाला खाली जमीन असते, तेवढा हिशोब पुरतो. पाण्यात वर, खाली, तिरकं, सगळंच मोकळं. कॅमेरा कुठं धरायचा? हातातल्या बंदुकीचं काय? मागं लागलेले पोलीस उडी मारणार की काठावर कमरेवर हात ठेवून उभे राहणार? प्रत्येकाच्या वेगळ्या हालचाली, वेगळा खर्च. त्यापेक्षा पाण्याला मरण करून टाकलं की नकाशाची कुंपणभिंत फुकटात होते. 2022 चा 'एल्डन रिंग' अजून तेच करतो. ड्रॅगन मारणारा, देवांना भिडणारा वीर, खोल पाण्यात पडला की संपला. भाचा त्या गेमला डोक्यावर घेऊन नाचतो. मी त्याला एकदाच मार्क दिले आणि नापास केलं.

झेल्डाच्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये निदान प्रामाणिकपणा आहे. दम संपेपर्यंत पोहा, संपला की बुडा. शिवाय पाऊस आला की कड्यावरून पाय घसरतात, हे पन्हाळ्याच्या पायथ्याला राहणाऱ्यांना मुद्दाम सांगावं लागत नाही. 'मारिओ कार्ट वर्ल्ड' मात्र एका ओळखीच्यांकडं थोडाच वेळ हातात मिळाला. निन्टेन्डोचं यंत्र आपल्याकडं कुणी ना कुणी बाहेरून आणतं तेव्हाच दिसतं. त्यात गाडी पाण्यावर गेली की तिचीच होडी होते आणि लाटांवरून उडते. छान आहे. पण पोहणं टाळायची ही श्रीमंत लोकांची पद्धत झाली.

पश्चिम घाटातला गेम आला तेव्हा मात्र मी सगळं बाजूला ठेवून बसले होते. 'अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी', 2017. क्लोई फ्रेझर गणपतीचा सुळा शोधत कर्नाटकातल्या घाटात फिरते, जुन्या होयसळ राजांच्या खाणाखुणा बघत. आम्हाला गगनबावडा 50-55 किलोमीटर, म्हणजे हे आमचंच अंगण. हिरवा रंग बरोबर, लाल चिखल बरोबर, जीप चिखलात जशी हलते तेही बरोबर. क्लोई पोहते उत्तम. पण डोंगराएवढ्या मूर्ती? होयसळांचं हळेबीडचं देऊळ ज्यांनी बघितलंय त्यांना ते माप पटायचं नाही. होयसळांची सगळी करामत बोटभर जागेत, हातातल्या बांगडीची नक्षी दिसेल इतक्या बारकाव्यात. देऊळ अंगानं बसकं. ते यांनी फुगवून ठेवलं. आणि भर पावसाळ्यातला घाट, पण पायाला एक जळू नाही. तेवढ्यावरून ओळखावं की काढणारे इथं भिजलेले नाहीत.

तर ती धोका पातळी. राजाराम बंधाऱ्याशी पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा आणि 43 ला धोका, हे आमच्याकडं पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. जुलै लागला की सकाळी उठून पहिलं ते. किती झालं? राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले का? किती उघडले? मग गाड्या काढून पूर बघायला जायचं, कणीस खायचं, परत यायचं. पूर म्हणजे घाटाच्या पायऱ्या बुडणं, देवळं बुडणं, एवढंच बरीच वर्षं होतं.

ऑगस्ट 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं. दादाचं घर शाहूपुरीत, जयंती नाल्याच्या अंगाला. कुंभार गल्लीत गणपती तयार होत आले होते. लोक मूर्ती माळ्यावर, माळ्यावरून शेजारच्या माडीवर चढवत होते, आणि पाणी मागून येत होतं. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली. पेट्रोल नाही, भाजी नाही, दूध नाही, आणि सगळीकडं पाणी असून नळाला थेंब नाही, कारण उपसा करायचे पंपच बुडलेले. होडी आली तेव्हा भाचा अगदी लहान. एकच पिशवी घ्या म्हणाले. दादानं कागदपत्रं घेतली. पोरानं काय केलं, तर दप्तरातली पुस्तकं काढून पलंगावर ठेवली आणि त्यात प्लेस्टेशन घातलं. ते दप्तर डोक्याच्या वर धरून तो होडीत चढला. कुणी रागावलं नाही. कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

दादा पंचगंगा घाटावरून उन्हाळ्यात पलीकडं जाऊन परत येणारा माणूस. त्या होडीत त्यानं दोन्ही हातांनी कड धरली होती. मी नंतर विचारलं, तुला कशाची भीती? म्हणाला, खाली काय आहे ते कळत नव्हतं. विजेच्या तारा, कुणाचं काटेरी कुंपण, तरंगत आलेली टिपाडं, मेलेलं जनावर. त्या पाण्यात पोहणं हा विषयच नसतो. गल्लीत पट्टीचे पोहणारे कितीतरी. सगळे माडीवर उभे होते.

तेव्हापासून एल्डन रिंगला नापास करताना माझा हात थोडा अडखळतो. थोडाच. पूर वेगळा आणि आळस वेगळा.

सॅमला आम्ही त्या लाल पट्ट्यात घातलं नाही. भाचा म्हणाला, पाऊस थांबू दे. थांबेना, मग शिडी आडवी टाकून वरच्या अंगानं गेलो, एक पेटी घसरून गेली, ती गेली. तोवर वहिनी उठली आणि टीव्ही बंद झाला. त्यामुळं गेम कसा आहे हे मला अजून नीट सांगता येणार नाही. पाणी चांगलं आहे.

आता सगळ्यांचे डोळे 'जीटीए 6'कडं. पुन्हा तेच व्हाइस सिटी, पुन्हा समुद्र, आणि झलकेत मगरीही दाखवल्या आहेत. जाहीर झालेली तारीख आहे 19 नोव्हेंबर 2026, तीही आधीच्या तारखा पुढं ढकलत आलेली. तेव्हा दिवाळी नुकतीच होऊन गेलेली असेल. म्हणजे भाऊबीजेला दादा मला ओवाळणी घालणार, ती भाचा माझ्याकडून नेणार, आणि आठवड्याभरात दादा विचारणार की ह्या पोराला एवढे पैसे देतंय कोण.