तुम्ही विचारलंत म्हणून: व्हीव्हीटी ठेवू की काढू?

‘दादा, रेससाठी इंजिन खोललंय. व्हीव्हीटी ठेवू की लॉक करून टाकू?’ हा फोन मला सारखा येतो. व्हीव्हीटी म्हणजे इंजिन चालू असताना व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ मागेपुढे करणारी यंत्रणा. बहुतेकांचं मनात ठरलेलं असतं, माझ्या तोंडून फक्त ‘काढ’ ऐकायचं असतं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: ठेवा. काढा असं मी फार थोड्या गाड्यांना म्हणतो, त्यांच्याकडे येतोच.

काढायच्या बाजूने हमखास येणारा मुद्दा म्हणजे ‘फॉर्म्युला वनमध्येसुद्धा नसतं’. नसतं, खरंय. पण ते नियमांमुळे. २००६ साली २.४ लिटरची व्ही-८ इंजिनं आली, तेव्हाच्या नियमांतच चालत्या इंजिनात व्हॉल्व्हचं टायमिंग आणि लिफ्ट बदलायला मनाई होती. बिनकामाच्या गोष्टीवर बंदी घालायला कोण बसलंय?

दुसरा मुद्दा, ‘बिघडायला एक वस्तू कमी’. फेजर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा (कॅम) मागेपुढे फिरवणारा भाग, तेलाच्या दाबावर चालतो हे मान्य. पण तेलाचा दाब गेला तर फेजरची काळजी कसली करताय, आधी बेअरिंगं जातील.

होंडाचं के-सीरिज घेऊ, कारण जुन्या ॲकॉर्डमुळे २.४ लिटरचं के-२४ आपल्याकडेही हाताशी येतं. यात दोन यंत्रणा आहेत आणि पोरं त्यांची सर्रास गल्लत करतात. व्हीटेक व्हॉल्व्हला कॅमच्या एका लोबवरून (उंचवट्यावरून) दुसऱ्यावर नेतं. त्याला हात लावायचा प्रश्नच नाही. आपला वाद आहे तो व्हीटीसीचा. ते तेलाच्या दाबाने इनटेक कॅमला (हवा आत घेणाऱ्या बाजूच्या) त्याच्या स्प्रॉकेटच्या, म्हणजे साखळीच्या दातेरी चाकाच्या, तुलनेत फिरवतं, क्रँकच्या मापाने ५० अंशांपर्यंत. याची गरज का, तर हवेला वजन असतं. आठ हजार आरपीएमवर आत धावत आलेली हवा पिस्टन वर निघाला तरी आत घुसतच राहते, तेव्हा व्हॉल्व्ह उशिरा मिटलेला बरा. तीन हजारांवर तोच उशीर नडतो, पिस्टन भरलेली हवा परत मॅनिफोल्डमध्ये ढकलतो.

ठेवा म्हणण्याचं खरं कारण डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, दिसतं. इनटेक कॅम शून्य अंशावर धरून एक रन मारायचा, मग १०, २०, ३० असं वर जायचं. टॉर्कच्या सगळ्या रेघा स्क्रीनवर एकावर एक टाकल्या की गंमत बघा. चार हजारांच्या आसपास ४० ची रेघ सगळ्यांच्या वर असते. सहा हजारांच्या पुढे ती वाकायला लागते आणि ३० ची तिला ओलांडते. आठ हजारांना २० ची वर. हेडर (एक्झॉस्टचे पाइप), कॅम बदलले की आकडे बदलतात, पण रेघा एकमेकींना छेदतातच. ट्यूनर प्रत्येक आरपीएमला वरची रेघ उचलतो. फेजर काढला, की यातली एकच रेघ गळ्यात. कमाल हॉर्सपॉवर मात्र दोन्हीकडे जवळपास तेवढीच येते, त्यामुळे प्रिंटवरचा शेवटचा आकडा तेवढा बघणाऱ्याला फरक कळतच नाही. तो कळतो कोईमतूरच्या करी स्पीडवेवर. जेमतेम दोन किलोमीटरचा ट्रॅक, वळणातून निघताना आरपीएम पडलेलाच असतो.

मोठा कॅम टाकलात तर मात्र काळजी घ्या. इनटेक ॲडव्हान्स केला की व्हॉल्व्ह लवकर उघडतो, आणि पिस्टन तेव्हा टीडीसीजवळ, म्हणजे अगदी वरच्या टोकाला असतो; दोघं एकमेकांवर आपटू शकतात. कॅटलॉगवर विसंबू नका. पिस्टनवरच्या व्हॉल्व्हच्या खाचेत मुलांच्या खेळातली क्ले थापा, वरून तेलाचं बोट फिरवा म्हणजे चिकटणार नाही. वापरलेली गॅस्केट घालून हेड आवळा, फेजर पूर्ण ॲडव्हान्सला अडकवा आणि क्रँक पान्याने, हाताने, दोन फेरे फिरवा. अडलं तर थांबा, रेटू नका. हेड काढून क्लेवरचा ठसा ब्लेडने कापा आणि सगळ्यात पातळ जागा व्हर्निअरने मोजा. इनटेकला दोन मिलिमीटर उरले तर मी निवांत झोपतो. कमी उरले तर पिस्टनची खाच खोल करून घ्या, नाहीतर २५-३० अंशांवरच अडवणारं गिअर बसवा. ईसीयूमध्ये (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) मर्यादा घातली म्हणजे झालं असं समजू नका. फेजरला तेल सोडणारा सोलेनॉइड अडकला तर ईसीयू काही करू शकत नाही. अडसर लोखंडाचाच हवा.

आता काढायच्या गाड्या. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ पळणारी, साडेसहा हजारांच्या खाली कधी येतच नाही अशी ड्रॅग कार. ईसीयूला कॅमवर नियंत्रणच ठेवता येत नाही अशी गाडी. आणि ब्लॉकमध्ये एकच कॅम असलेले अमेरिकन व्ही-८. तिथे इनटेक-एक्झॉस्ट एकत्रच सरकतात, ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा काळ) बदलत नाही, त्यामुळे फायदा मुळात तोकडा. मूळ फेजरची चाल बरीच मोठी, त्यामुळे मोठा कॅम टाकला की ती अडवावीच लागते. मग उरतं किती?

लॉक करायचंच ठरलं, तर डोळे मिटून शून्यावर करू नका. कुठल्या आरपीएममध्ये पळणार ते ठरवा, तिथल्या रेघांतून अंश निवडा, आणि क्लेची तपासणी त्याच अंशावर पुन्हा करा. ईसीयूमधून कॅम कंट्रोल बंद करायला विसरू नका, नाहीतर चेक लाइट पेटवून तो पॉवर कापेल आणि तुम्ही प्लग बदलत बसाल.