टोपणनावांचा ताळा : खानदेशातल्या वंशावळीचं चालू काम

कोतवाल बुकातली, म्हणजे गाव नमुना १४ मधली, जन्म-मृत्यूची पानं उतरवून झाली. आता तीच माणसं फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदवहीत, आणि शाळेच्या जनरल रजिस्टरात शोधायचं काम चालू आहे, आणि गाडी अडतेय ती टोपणनावांपाशी. मोडी वाचता आली तरी वाचलेला ‘आबा’ कोणाचा आबा, हा प्रश्न राहतोच.

आबा, नाना, बापू, जिभाऊ ही नावं बऱ्याचदा एकाच कारणानं पडतात. नातवाला आज्याचं नाव ठेवलं, की सून सासऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही. पोराला घरात वेगळीच हाक पडते. त्यामुळे ‘रामचंद्र ऊर्फ आबा’ असं दिसलं तर दोन पिढ्या वर दुसरा रामचंद्र आहे का ते बघा. दोघांना एक धरलं की एकच माणूस सव्वाशे वर्षं जगल्यासारखा दिसतो. ही चूक सगळ्यात जास्त होते.

दगडू, धोंडू, भिका, फकिरा, उखर्डू ही नावं वेगळी. आधीची मुलं दगावली की दृष्ट लागू नये म्हणून ठेवलेली. असं नाव सापडलं की मृत्यूच्या रकान्यात मागची पाच-सहा वर्षं चाळा. तिथं बहुधा बापाचं नाव आणि ‘मुलगी, वय ३ महिने’ एवढंच असतं. जन्माची नोंदही पुष्कळदा बारशाआधीची, म्हणून बिननावाची. त्या लेकरांना वंशावळीत जागा द्याच. तीही त्याच घरची.

फेरफारातली नोंद साधारण अशी असते : ‘दगडू वलद भिका मयत. वारस मुलगा रामचंद्र ऊर्फ आबा, अ.पा.क. आई सखू.’ वलद म्हणजे अमक्याचा मुलगा. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता, म्हणजे बाप गेला तेव्हा आबा सज्ञान नव्हता. जन्मसालाचा अंदाज इथूनच बांधता येतो. सातबाऱ्यावर ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, दिसलं तर थोरल्या भावाच्या एका नावामागं धाकटे भाऊ दडलेले असू शकतात.

नावावरून नाव कधीच जुळवू नका. बापाचं नाव आणि जमिनीचा नंबर, दोन्ही जुळले तरच पक्कं. एकच जुळलं तर पेन्सिलीनं. जमीन एकत्रीकरणात सर्वे नंबरचे गट नंबर झाले, म्हणून जुन्या-नव्या नंबरांचा उतारा आधी काढून ठेवा. शाळेतली जन्मतारीख १ जून असेल तर ती गुरुजींनी टाकलेली समजा, ताळ्यासाठी धरू नका.

म्हाताऱ्या माणसांना ‘त्यासले घरमा काय म्हनेत?’ असं विचारा, आणि उत्तरासोबत सांगणाऱ्याचं नातंही लिहा. पुतण्याचा नाना तो मुलाचा दादा असतो. बायकांचं लग्नात नाव बदललेलं असतं आणि हाक माहेरगावावरून, ‘पारोळावाली’ अशी. ते गाव म्हणजे माहेरच्या कोतवाल बुकाचा पत्ताच. १९०६ नंतरच्या कागदांवर धुळ्याकडचं गाव ‘पश्चिम खानदेश’ म्हणून येतं, जळगावकडचं ‘पूर्व खानदेश’ म्हणून.

पुढचा टप्पा नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे यात्रेकरूंच्या घराण्यांची नावं लिहून ठेवणाऱ्या पुरोहितांच्या, वह्यांचा. तिथं शोध गाव आणि आडनावावरून लागतो, आणि नुसतं ‘पाटील’ सांगून भागत नाही, कारण खानदेशात पाटीलकीवरून आडनाव लावलेली घरं गावोगाव आहेत. देवरे, पवार, सोनवणे, जे मूळ कुळाचं असेल ते भावकीत विचारून ठेवायचं काम सध्या चालू आहे.