नाशिकचा पाडवा आणि गाण्याचा जमाखर्च

कसाऱ्याला गाडीच्या मागे तिला रेटणारी बँकर इंजिनं लागली, हलका धक्का बसला आणि थळ घाटाची चढण सुरू झाली. दर ३७ फुटांना एक फूट वर असा हा चढ, एकट्या इंजिनाचं काम नाही. दिवाळीमुळे पंचवटी एक्स्प्रेस इतकी भरली होती की माणसांपेक्षा फराळाचे डबे ऐसपैस बसले होते. मी कानात रशियन संगीतकार चायकॉव्हस्कीची चौथी सिंफनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठीची रचना, लावली. मुद्दामच. सप्टेंबरात मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया या वाद्यवृंदाचा हंगाम ऐकल्यापासून डोक्यात एकच किडा वळवळत होता: हे सगळं चालतं कोणाच्या पैशावर? आणि या चौथ्या सिंफनीमागे तर थेट रेल्वेचाच पैसा आहे.

नादेज्दा फॉन मेक ही रशियात रेल्वेमार्ग बांधून गडगंज झालेल्या उद्योजकाची विधवा. १८७७ पासून तिने चायकॉव्हस्कीला वर्षाला ६००० रूबल द्यायला सुरुवात केली, ती १८९० पर्यंत. एकमेकांना भेटायचं नाही, हे दोघांनी ठरवून टाकलं होतं. पत्रं मात्र हजाराहून जास्त झाली. त्या पैशाच्या आधारावर त्याने मॉस्कोतली शिकवण्याची नोकरी सोडली आणि ही सिंफनी तिला अर्पण केली. तिचं नाव न घालता, नुसतं ‘माझ्या परममित्राला’ असं लिहून. मला हा व्यवहार फार आवडतो. बाईंनी सिंफनी विकत घेतली नाही, चायकॉव्हस्कीचे दिवस विकत घेऊन त्यालाच परत दिले. इगतपुरी आली तेव्हा शेवटच्या भागातल्या झांजा वाजत होत्या आणि शेजारचे काका ‘चहा घेणार का?’ असं बहुतेक तिसऱ्यांदा विचारत होते.

नाशिकरोडला मामा घ्यायला आले होते. मामा नोटप्रेसमधून निवृत्त झालेत आणि आता एका छोट्या संगीत मंडळाचे खजिनदार आहेत. ‘आयुष्यभर नोटा छापल्या, आता दारोदार मागतोय,’ हा त्यांचा ठरलेला विनोद. मंडळाच्या वर्षाला चार-पाच बैठका होतात, बहुतेक कोणाच्या तरी हॉलमध्ये किंवा शाळेच्या सभागृहात.

पाडव्याला पहाटे अंधारातच मामीने उठवलं. ‘ऊठ गं, जागा मिळायची नाही.’ नेहरू चौकातल्या पिंपळपारावरची पाडवा पहाट ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगून कळणार नाही, तरी सांगते. जुन्या नाशिकचा अरुंद चौक, पिंपळ, त्याच्याभोवतीचा दगडी पार. रस्त्यावरच अंथरलेल्या बैठकीवर पैठण्या आणि कडक इस्त्रीचे झब्बे मांडीला मांडी लावून बसलेले. उशिरा येणारे जागा मिळेल तिथे उभे. तिकीट नाही. हवेत उटण्याचा आणि फटाक्यांच्या दारूचा असा एक मिसळलेला वास, तो फक्त दिवाळीतल्या पहाटेलाच असतो.

ललत सुरू झाला आणि गर्दी हळूहळू शांत झाली. एक गायक, मागे दोन तानपुरे, तबला, पेटी, साथीला एक शिष्य. एवढ्या पाच-सहा माणसांनी अख्खा चौक धरून ठेवला. मला राहून राहून मुंबईचं व्यासपीठ आठवत होतं. तिथे ओबो या फुंकवाद्याने एक स्वर द्यायचा आणि त्यावर सत्तर-ऐंशी माणसांनी आपापली वाद्यं मिळवायची. खर्चाचा हिशेब तिथूनच बिघडायला लागतो.

परतताना बुधा हलवाईची जिलेबी घेतली. पाडव्याला ती घ्यायला जी रांग लागते तिच्यात उभं राहणं हेही एक प्रवासवर्णनच आहे, पण ते नंतर कधीतरी. मामा रांगेत मागे उभे राहून मुंबईच्या त्या वाद्यवृंदाबद्दल प्रश्न विचारत होते. किती वादक? राहतात कुठे? मानधन कार्यक्रमाचं की महिन्याचं?

मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं. एनसीपीएचे खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी २००६ साली हा वाद्यवृंद उभा केला. साधारण फेब्रुवारी आणि सप्टेंबर असे वर्षातून दोन हंगाम. मूळ गाभा मुंबईत राहून वाजवणाऱ्यांचा, त्यात सुरुवातीपासून कझाक वादक बरेच. हंगामासाठी आणखी पाहुणे वादक बाहेरून येतात. वाद्यवृंदाला हाताने इशारे देणारा निर्देशक (कंडक्टर) येतो, एकल वादक येतो. प्रत्येक कार्यक्रमाआधी कित्येक दिवस रोज तालमी. जमशेद भाभा नाट्यगृहात ११०९ खुर्च्या. ‘सगळ्या विकल्या तरी?’ मामांनी विचारलं. तरीही नाही भागत. नुसत्या तिकिटांवर तरणारा सिंफनी वाद्यवृंद जगात शोधून सापडायचा नाही. उरलेलं उद्योगसमूह, बँका, ट्रस्ट आणि घसघशीत देणगी देणारे रसिक भरतात. एनसीपीए मुळात उभी राहिली तीच १९६९ साली, जे. आर. डी. टाटा आणि जमशेद भाभा यांच्या पुढाकाराने.

‘मग आमचं आणि त्यांचं दुखणं एकच,’ मामा म्हणाले, ‘फक्त त्यांचा आकडा मोठा.’

मला ते तेवढं पटलं नाही. ते का, हे पंचवटीत गेल्यावर नीट उलगडलं.

दुपारी ऊन उतरल्यावर आम्ही होळकर पुलावरून पलीकडे गेलो. रामकुंडावर नेहमीची वर्दळ. सरदार ओढेकरांनी बांधलेलं काळाराम मंदिर डोळे भरून पाहिलं. आपल्याकडच्या देवळांत पायरीपायरीवर, फरशीफरशीवर देणगीदारांची नावं कोरलेली असतात आणि आपण त्यांवर पाय देऊन पुढे जातो. मोठ्या वाद्यवृंदांत याचीच एक तऱ्हा आहे. देणगीदार एखादी खुर्ची पत्करतो. म्हणजे पहिल्या व्हायोलिनची किंवा चेलोची जागा त्याच्या नावाने चालते, आणि कार्यक्रमपत्रिकेत वादकाच्या नावाखाली त्याचं नाव छापून येतं. मामांना ही कल्पना भलतीच भावली. ‘तबल्याची खुर्ची अमुक पतसंस्था!’ म्हणून ते देवळाच्या आवारातच मोठ्याने हसले.

तिथून इंद्रकुंडाकडे. महापालिकेचं पलुस्कर सभागृह तिथे आहे. पाडव्याच्या सुट्टीचा दिवस, त्यामुळे बाहेरूनच पाहिलं. पण आम्ही आलो होतो ते इमारतीसाठी नव्हेच. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी आयुष्याची शेवटची वर्षं या पंचवटीत, आपल्या रामनाम आधार आश्रमात काढली, आणि ते इथे का आले ही गोष्ट आमच्या विषयाच्या अगदी मुळाशी आहे.

१८७२ साली कुरुंदवाडला जन्म. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले. (आदल्या रात्री गल्लीतल्या पोरांना ‘जरा लांबून लावा रे’ म्हणून मामी का ओरडत होती, ते आठवलं.) मिरजेच्या संस्थानिकांच्या आश्रयाने बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिक्षण झालं. म्हणजे सुरुवात अगदी जुन्या रिवाजाची, दरबारी. पण एका समारंभाला आपल्याला बोलावणं आलं आणि गुरूंना नाही, हे त्यांना लागलं असं सांगतात. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली. पुढे सौराष्ट्रात त्यांनी राजदरबाराबाहेर, सामान्य लोकांनी तिकीट काढून ऐकावी अशी मैफल केली. आज यात काही विशेष वाटत नाही. त्या काळी गवयाने सरळ रसिकांच्या खिशाला हात घालणं हे बंडच होतं.

५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय, १९०८ मध्ये मुंबईला. ते कोण्या राजाच्या नावाने चाललं नाही, लोकांच्या मदतीवर आणि पंडितजींच्या मैफिलींच्या कमाईवर चाललं. आणि खर्च कशावर? इथेच खरी गंमत आहे. निवडक विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं ठेवून घ्यायचं. राहणं, जेवणं, शिकणं फुकट. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही सगळी या शिक्षणाची फळं. मुंबईत स्वतःची इमारत बांधली, त्यासाठी कर्ज काढलं. १९२० च्या दशकात कर्ज फिटेना आणि इमारत सावकारांच्या घशात गेली. पंडितजी नाशिकला आले, रामनामात रमले. मुलगा दत्तात्रेय, म्हणजे आपले डी. व्ही. पलुस्कर, यांचा जन्म १९२१ साली इथलाच. वडील १९३१ मध्ये मिरजेला वारले तेव्हा तो दहा वर्षांचा होता.

मैफलीला माणसं पैसे देत होती. पंडितजींचं नाव एवढं की सभागृहं भरत. पण मैफलीच्या आधीची जी नऊ-दहा वर्षं एखाद्या पोराला पोसावी लागतात, त्या वर्षांचं तिकीट कोण काढणार?

मामा गप्प झाले. मग म्हणाले, ‘कार्यक्रम म्हटलं की चेक निघतो गं. सराफ देतो, बिल्डर देतो, दिंडोरीचा आमचा एक द्राक्षबागायतदार तर मागायच्या आधी देतो. डॉक्टर कलाकाराला घरी उतरवून घेतात, मांडववाला नफा घेत नाही. पण सातपूरची एक मुलगी आहे आमच्याकडे, आवाज म्हणजे आवाज. घर दोन खोल्यांचं, बसायला जागा नाही, म्हणून रोज संध्याकाळी आपल्याकडे येऊन तानपुरा लावते. तिच्यासाठी वर्षाचे काही पैसे द्या म्हटलं, की समोरचा विचारतो, कार्यक्रम कधी आहे?’

मला मामांशी वाद घालायचा होता तो नेमका इथे. दुखणं एकच नाही. सिंफनीवाल्यांनी देणाऱ्याला एक गोष्ट शिकवली आहे, तालमीचे पैसे द्यायची. नाही तर त्यांचं चालणारच नाही. ऐंशी माणसं एका श्वासात वाजायला हवीत, तर ती आधी आठवडाभर एका खोलीत बसायला हवीत, आणि त्या आठवड्यात त्यांच्या घरची चूल पेटायला हवी. हेन्री ली हिगिन्सन नावाच्या बँकमालकाने १८८१ मध्ये बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला, आणि जवळपास चाळीस वर्षं दरसालची तूट स्वतःच्या खिशातून भरली. त्याची अट काय होती? आठवड्यातले चार दिवस वादकांनी फक्त आपल्याच तालमींना आणि कार्यक्रमांना द्यायचे, त्या दिवसांत नाचगाण्याच्या सुपाऱ्या घ्यायच्या नाहीत. वादकांना ही अट जाचक वाटली असणार, आणि हिगिन्सन तसा हुकमी माणूस होता हेही खरं. पण शुक्रवारी दुपारी २५ सेंटांत गरीब रसिकांना आत सोडणाराही तोच. मला स्वतःला असा एकहाती मालक नकोसा वाटतो. त्यापेक्षा जर्मनीतल्या लाइपझिगच्या लोकांची रीत बरी: १७४३ साली तिथे सोळा जणांनी मिळून सोळा वादकांचा खर्च उचलला, त्यातून पुढे गेवांडहाउसचा वाद्यवृंद झाला.

‘सोळा माणसं मिळतील मला नाशिकमध्ये,’ मामा म्हणाले. ‘सोळाही पहिल्या रांगेत बसायला मागतील, तेवढं सोड.’

पहिल्या रांगेचा विषय निघाला की आजीव सभासद येतातच. एके काळी पाचशे रुपये एकदाच भरून आजीव झालेली मंडळी अजून हयात आहेत, ठणठणीत आहेत, देव त्यांना शंभर वर्षं देवो, पण त्या पाचशेच्या व्याजात आज तानपुऱ्याच्या तारांचा एक संचही येत नाही. ‘आमच्या प्रेसला नवं मशीन आलं की माणशी नोटा वाढायच्या,’ मामा म्हणाले. ‘विलंबित ख्याल कसा लवकर उरकणार?’ विल्यम बॉमोल या अर्थशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात हेच मांडलं होतं. कारखान्यात माणशी उत्पादन वाढतं, पगार वाढतात. बेथोव्हेनने चार वाद्यांसाठी लिहिलेल्या रचनेला मात्र आजही चारच माणसं आणि तेवढाच वेळ लागतो, आणि त्या चौघांनाही वाढलेल्या महागाईतच जगायचं असतं. मामांनी बॉमोल वाचलेला नाही. त्यांनी मंडळाचं खातं सांभाळलंय.

घरी पोचलो तर सातपूरची ती मुलगी आलेली होती, पाडव्यालाही. मामीने तिच्यापुढे फराळाचं ताट ठेवलं होतं आणि ती आधी रियाज की आधी चकली अशा पेचात होती. चकली जिंकली. मग बराच वेळ यमनमधली एकच जागा ती घोटत बसली, तीच ती, आणि मामा आतल्या खोलीत पावतीपुस्तक शोधत होते.

मी पैसे दिले. किती, ते सांगत नाही. पावतीवर ‘कशासाठी’ असा रकाना होता. मामांनी सवयीने ‘कार्यक्रम’ लिहायला घेतलं, थांबले, आणि खोडून ‘रियाज’ लिहिलं. ‘ऑडिटर विचारेल,’ म्हणाले. विचारू दे.

नाव कुठे लावायचं यावर मात्र आमचं जमलं नाही. मी म्हणत होते, फलक लावा, खुर्च्यांना नावं द्या, माणसाला आवडतं ते. मामांचं म्हणणं, एकदा नाव लावलं की दुसऱ्या वर्षी तो माणूस कोणाला गायला बोलवायचं ते सांगायला लागतो. दोघांचंही खरं असावं. मामीने दिवा लावायला उठवलं म्हणून तो विषय तसाच राहिला.

फेब्रुवारीच्या हंगामाला दोघं मुंबईला येणार आहेत. तिकिटं मी काढायची, जेवणाचा डबा मामी आणणार, रात्रीच्या परतीची गाडी सोयीची नाही म्हणून मुक्काम माझ्याकडे. मामांनी एकच काम सांगून ठेवलंय: कार्यक्रमाचं सोड, तालमीला बसू देतात का ते आधी विचार.