यान कोलर: उंच पोराला गोलमध्ये उभं करण्याआधी

नांदेड असो, परभणी असो की लातूर, शाळेच्या संघातला एखादा पोरगा बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच निघाला की पुढचं ठरलेलंच असतं. एक तर व्हॉलीबॉलचे सर त्याला घेऊन जातात, नाहीतर फुटबॉलमध्ये तो गोलमध्ये उभा राहतो. अशा पोरांच्या सरांनी चेक प्रजासत्ताकाच्या यान कोलरची कारकीर्द बारकाईनं बघावी. उंची २०२ सेंमी, म्हणजे सहा फूट साडेसात इंच. लहानपणी तोही गोलकीपरच होता. आणि थांबला तेव्हा ९१ सामन्यांत ५५ गोल करून चेक संघाचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू झाला होता. दुसऱ्या क्रमांकावरचा मिलान बारोश ४१ वर राहिला.

कोलरचा जन्म १९७३ चा. मोठ्या क्लबात तो उशिरा पोचला: १९९४ मध्ये स्पार्टा प्राग, तेही वयाच्या एकविसाव्या वर्षी. तिथं गोल फारसे झाले नाहीत. १९९६ मध्ये बेल्जियमच्या लोकेरेनला गेला आणि तिथंच खरा घडला. १९९८-९९ च्या हंगामात बेल्जियन लीगमध्ये २४ गोल करून तो पहिला आला. त्यानंतर अँडरलेख्टकडून लागोपाठ दोन लीग विजेतेपदं. २००१ मध्ये जर्मनीचं बोरुसिया डॉर्टमुंड, आणि पहिल्याच हंगामात बुंडेसलीगाचं, म्हणजे जर्मन लीगचं विजेतेपद. डॉर्टमुंडसाठी त्यानं लीगच्या १३८ सामन्यांत ५९ गोल केले. राष्ट्रीय संघातलं पदार्पणही १९९९ चं, म्हणजे पंचविशीतलं. सतरा-अठराव्या वर्षी पोरगा चमकला नाही म्हणून त्याला सोडून देणाऱ्यांनी ही वर्षं लक्षात ठेवावीत.

गोलकीपिंग वाया गेलं नाही. नोव्हेंबर २००२ मध्ये बायर्न म्युनिकविरुद्ध डॉर्टमुंडचा गोलकीपर येन्स लेमनला लाल कार्ड मिळालं आणि बदली खेळाडू संपलेले होते. त्याच सामन्यात गोल केलेला कोलर हातमोजे घालून गोलमध्ये गेला. उरलेल्या वीसेक मिनिटांत त्यानं एकही गोल होऊ दिला नाही. सामना डॉर्टमुंड १-२ नं हरलं, पण ‘किकर’ मासिकानं आठवड्याच्या संघात गोलकीपर म्हणून कोलरचं नाव छापलं. पण खरा फायदा पुढं खेळताना व्हायचा. क्रॉस, म्हणजे कडेनं गोलसमोर मारलेला चेंडू, आला की कीपर कधी पुढे येतो, कधी घुटमळतो, हे गोलमध्ये उभं राहिलेल्या माणसाला आधी कळतं.

त्याची सगळ्यात शिकण्यासारखी हालचाल गोलची नाही, पासची आहे. युरो २००४, १९ जून, पोर्तुगालमधलं आवेइरो, समोर नेदरलँड्स. आपल्याकडे रात्रीचे सव्वाबारा वाजले होते. एकोणीस मिनिटांत चेक संघ ०-२ नं मागे. २३ व्या मिनिटाला बारोशनं आडवा दिलेला चेंडू कोलरनं पायानं जाळ्यात घातला. ७१ व्या मिनिटाला डावीकडून पावेल नेदव्हेदचा क्रॉस आला. सगळ्यांना वाटलं हेडर मारणार. कोलरनं चेंडू छातीवर घेऊन बारोशच्या पुढ्यात टाकला आणि बारोशनं जमिनीला टेकायच्या आत मारला. ८८ व्या मिनिटाला व्लादिमीर श्मित्सेरनं तिसरा केला, ३-२. त्या स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे पाच गोल बारोशचे. त्यामागे कोलर किती होता, हे गोलांच्या यादीत दिसत नाही.

हे आपल्या मैदानावर कसं आणायचं? छातीवर चेंडू घेताना गुडघे वाकलेले, पाय खांद्यांहून थोडे जास्त फाकलेले, आणि चेंडू लागताना श्वास सोडून छाती किंचित मागे. छाती ताठ ठेवली तर चेंडू तीन मीटर लांब उडतो आणि बचावपटू घेऊन जातो. त्याच्याकडे पूर्ण पाठ करू नये, कडेनं उभं राहावं, म्हणजे तो अंगावर रेलला तरी तोल जात नाही. उंच पोरं सरळ उभी राहतात आणि कमरेत धक्का बसला की पडतात. हे सगळं चेंडू घेणाऱ्या पोरापासून पाच-सात मीटरवर आपला दुसरा खेळाडू धावत असेल तरच कामाचं, नाहीतर चेंडू जिंकूनही फुकट.

आपल्याकडे सगळ्यात मोठी चूक इथंच होते. उंच पोरगा पुढे आहे म्हणून मागून पन्नास मीटरची सरळ लाथ मारायची. असा चेंडू पाठमोऱ्या पोराच्या डोक्यावर येतो, त्याला गोल दिसत नाही, फक्त मागे ढकलता येतो. शिवाय मुरमाच्या कडक मैदानावर टप्पा पडला की चेंडू डोक्यावरून सरळ कीपरकडे. चेक संघाकडे कडेनं पुरवठा होता: नेदव्हेद, कारेल पोबोर्स्की, मागून बचावपटू ग्रिगेरा. युरो २००४ च्या उपांत्यपूर्व सामन्यात डेन्मार्कविरुद्धचा पहिला गोल पोबोर्स्कीच्या कॉर्नरवर कोलरच्या हेडरचा. २००६ च्या विश्वचषकात अमेरिकेविरुद्ध पाचव्याच मिनिटाला ग्रिगेराच्या क्रॉसवर हेडर. कडेनं आलेल्या चेंडूत गोल आणि चेंडू दोन्ही नजरेत राहतात.

हेडर शिकवताना पोराला गोलसमोर आधीच उभं करू नका. लांबच्या खांबाकडून, बचावपटूच्या पाठीमागून, दोन-तीन पावलं पळत येऊन एका पायावर उडी. डोळे उघडे, मान घट्ट, चेंडू कपाळाला. कोपर खांद्यावर गेलं की फाऊल ठरलेला. लहान पोरांना हलका चेंडू आणि एका वेळी थोडीच हेडर द्या.

आणि उतरताना दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून. काळ्या मातीला भेगा पडलेल्या मैदानात एका पायावर उतरलेला उंच पोरगा गुडघा पिरगाळून घेतो. कोलरचा गुडघ्याचा लिगामेंट २००५ मध्ये फाटला आणि जवळजवळ सगळा हंगाम गेला. त्यातून तो विश्वचषकापर्यंत परतला, तर अमेरिकेविरुद्धच मांडीचा स्नायू दुखावून स्ट्रेचरवर बाहेर. पुढचे दोन्ही सामने, घाना आणि इटलीविरुद्ध, चेक संघ ०-२ नं हरला, एकही गोल न करता. वाढीच्या वयातला पोरगा वाटीखाली दुखतंय म्हणाला तर उड्या बंद करून आधी डॉक्टरांना दाखवा. सामना पुढच्या महिन्यातही असतो.