गोणपाट, चिंध्या आणि धावदोरा

दंगलीत होरपळलेल्या वस्तीत बायकांना घेऊन कापडाची चित्रं शिवून नेमकं काय साधतं, असं तुम्ही विचारलंत. त्यानं जळलेलं घर उभं राहत नाही, हे आधी मान्य करू. पंचनामा, रेशन कार्ड, औषधपाणी मार्गी लागेपर्यंत सुई-दोरा पिशवीतच असू द्यावा.

ही रीत दक्षिण अमेरिकेतल्या चिलीची. तिथं ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्करानं सत्ता बळकावली. उचलून नेलेली कितीतरी माणसं परतलीच नाहीत. सान्तियागोच्या बायका चर्चच्या आधारानं एकत्र बसून गोणपाटावर चिंध्या शिवू लागल्या. कधी ती चिंधी बेपत्ता माणसाच्याच सदऱ्याची असे. वर आंदीजचे डोंगर आणि सूर्य, खाली वस्ती, रांगा, ‘ते कुठे आहेत?’ असा फलक. १९७६ पासून चर्चची ‘व्हिकारिया’ ही संस्था ही चित्रं परदेशी विकायला पाठवू लागली. कमावतं माणूस गेलेल्या घरात त्या पैशांवर चूल पेटे. कलेचं कौतुक करताना हे सोयीस्कर विसरलं जातं.

आपल्याकडे गोधडी शिवणाऱ्या बाईला धावदोरा शिकवावा लागत नाही, ही मोठीच सोय. गोणपाट साधारण ४० बाय ३० सेंटिमीटर घ्या. कडेचे धागे सुटतात, म्हणून चारी बाजू दोन सेंटिमीटर दुमडून मागं मांजरपाट लावा. तुकडे फेव्हिकॉलनं चिकटवू नका. वाळल्यावर कापड कडक होतं, सुई शिरत नाही. कच्च्या दोऱ्यानं टाचून घ्या.

आठ-दहा जणी, आठवड्यातून दोन तास, किमान दोन महिने. पहिल्या बैठकीत फक्त कडा दुमडायच्या. मग आपली गल्ली: नळ, गिरणी, पिंपळ. ‘काय झालं ते शिवा’ असं कधीही म्हणू नका. हात गुंतलेले आणि नजर कापडावर असली की बोलणं आपसूक निघतं. नाही निघालं तरी बिघडत नाही. सोबत दोन कार्यकर्त्या हव्यातच: एक काम बघायला, दुसरी रडू फुटलेल्या बाईजवळ बसायला. महिनोन्‌महिने झोप नसेल किंवा जीव देण्याची भाषा येत असेल, तर पुढच्या बैठकीची वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. दोन्ही बाजूंच्या बायकांना पहिल्या दिवशीच एका सतरंजीवर बसवण्याचा उत्साहही आवरा. आधी वेगळे गट. एकत्र यायचं की नाही, ते त्याच ठरवतील.

सगळ्यात जास्त घोळ प्रदर्शनाच्या तारखेनं होतो. तारीख ठरली की घाई होते, मग आग-तलवारींचे भडक देखावे मागितले जातात. शिवायला दिलेला होकार दाखवायला चालत नाही. फोटो आणि विक्रीसाठी पुन्हा वेगळं विचारा. घर नंबर, दुकानाची पाटी, ओळखू येईल असा चेहरा टाळा. खटला चालू असेल तर वकिलाला आधी दाखवा. आणि मारहाण घरातच होत असेल, तर ते कापड केंद्रातल्या कपाटात कुलूपबंद राहू दे. नवऱ्याच्या हाती लागलं की मार वाढतो.