वाती वळता वळता

गावाकडच्या घरी देवाच्या फळीवर डालड्याचा एक जुना डबा आहे. पिवळा रंग केव्हाच उडालाय, हिरवं झाड तेवढं पुसटसं ओळखू येतं. झाकण काढलं की तुपाचा, कापराचा आणि जुन्या कापसाचा मिळून एक वास येतो, आणि खाली आजीच्या वाती. लांब वातींच्या दोऱ्यानं बांधलेल्या जुड्या एका अंगाला, फुलवाती वर्तमानपत्राच्या पुडीत दुसऱ्या अंगाला. आजीला जाऊन सहा वर्षं झाली, डबा अजून निम्माच सरलाय. सणावाराला तेवढा आम्ही त्याला हात लावतो, एरवी दुकानातल्या पुडीवर भागतं. माझी बायको म्हणते, दुकानातली वातही तशीच जळते. जळते की. मी कुठं नाही म्हणतोय?

आमचं गाव परभणी-गंगाखेड रस्त्यावरच्या दैठण्यापासून थोडं आत. काळी जमीन, कापूस आणि तूर, रब्बीला ज्वारी. दिवाळीच्या सुमाराला मधल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस आणि माणसं ओसरीत, असा प्रकार. आम्ही पोरं त्या ढिगात उड्या मारायचो आणि रात्रभर अंग खाजवत बसायचो. पण पहिल्या वेचणीतला ओटीभर कापूस त्या ढिगात जात नसे. तो आजीचा. बाबा दरवर्षी कुरकुरायचे, "माय, पयल्या वेचणीचाच कशाला लागतो तुला? ह्योच तर भावाचा माल." आजीचं उत्तरही दरवर्षीचंच. "मंग देवाला काय कवडी देऊ?"

कवडी म्हणजे अळीनं खाल्लेल्या, नीट न उमललेल्या बोंडातला डागाळलेला कापूस. व्यापारी तो ढिगातून वेगळा काढायला लावतो.

आजी ओसरीत भिंतीला पाठ लावून बसायची. आधी बोटांनी सरकी काढायची; ती म्हशीच्या घमेल्यात. मग कापूस पिंजून पिंजून त्याचा मऊ पातळ पापुद्रा करायचा. डावा पाय लांब करून लुगडं गुडघ्यापर्यंत ओढायचं, चुलीतली चाळलेली राख चिमूटभर तळहाताला लावायची आणि नडगीवर तळहात एकदा पुढं सरकवायचा. झाली वात. फुलवातीला मात्र राख नाही, दुधाचं बोट. त्या नडगीवरचा वीतभर पट्टा गुळगुळीत झाला होता, देवळाच्या उंबऱ्यासारखा. तिथं एक केस नव्हता. आम्ही पोरं मुद्दाम हात लावून बघायचो आणि ती लटकं रागवायची.

कापसाबद्दल तिची मतं पक्की होती. गावरान कापसाची वात चिवट, सावकाश जळणारी. ह्या नव्या कापसाची भसाभसा जळते. 2002 नंतर शिवारात सगळीकडं बीटी आलं तेव्हा हे मी स्वतः ऐकलंय. पण बाबा सांगतात, नांदेडच्या संशोधन केंद्राचं संकरित 44 आलं तेव्हाही ती अगदी हेच म्हणाली होती. म्हणजे तिचा खरा गावरान कापूस नेमका कधीचा, देव जाणे. त्यालाच ठाऊक असणार, त्याच्यापुढंच तर जळाला.

तिच्या जन्माची कुठं नोंद नाही. "पोलीस ॲक्शन झालं तवा मी लुगडं नेसायला लागले होते" एवढाच पुरावा. म्हणजे हैदराबाद संस्थान भारतात आलं त्या 1948 साली बारा-तेरा वर्षांची धरायची. पाच लेकरं झाली. आजोबा बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी गेले. दुष्काळात ती नालाबांधाच्या कामावर टोपल्यानं माती वाहायची. रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी थापताना चिरायची, त्यामुळं ती हातातल्या हातातच सावरून तव्यावर टाकायची, असं माझी मोठी आत्या आजही हात करून दाखवते. कामावर मिळालेली सुकडी घरी यायची. त्या वर्षी शेतात कापूस नव्हता आणि घरात तेल नव्हतं. आत्यानं एकदा विचारलं म्हणे, देवापुढं दिवा नाही लावायचा का? आजी म्हणाली, "अंधारात बोललेलं त्याला ऐकू येत न्हाई का?"

हे बोलणं म्हणजे काय, ते मला फार उशिरा कळलं.

वाती वळताना तिचे ओठ सतत हलायचे. सगळ्या घराची समजूत अशी की आजी नाम घेते. पाहुणे आले तर आई हळूच सांगायची, आत्याबाईंना आत्ता हाक मारू नका, नाम चाललंय. एकादशी तिनं कधी मोडली नाही, संध्याकाळचा हरिपाठ तोंडपाठ. तेव्हा शंका घ्यायचं कारणही नव्हतं. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. गालगुंड झालं म्हणून शाळा बंद, गळ्याभोवती फडकं बांधून मी तिच्या मांडीलगत पडलो होतो. कान तिच्या तोंडाजवळ. आणि मला ऐकू आलं:

"बारकीला सातवा लागला. पाय सुजल्यात तिचे. थोरल्याची बदली झाली हिंगोलीला, लेकराची शाळा मधीच ऱ्हायली. म्हैस आटली. शेजारणीनं परत बांध कोरला. मीबी तिला लई बोलले, तेबी सांगते. हे पोरगं पडलंय इथं, नुसतं पाणी पितंय…"

एकेका वातीला एकेक वाक्य. तलाठ्यानं पंचनामा लिहावा तसं, कोरडं आणि बिनचूक. मी वाट बघत राहिलो की आता ती म्हणेल, देवा, ह्याला बरं कर. ती म्हणालीच नाही. पुढच्या वातीला तिनं सरकीच्या पेंडीचा भाव सांगितला.

मी दुखऱ्या गालानं विचारलं, "आजी, तू त्याला मागत काहून न्हाईस?"

"काय मागायचं बाबा? त्याला काय दिसत न्हाई का?"

"मंग सांगतीस कशाला?"

ती थांबली. हातातली वात संपवून जुडीत ठेवली. "तू शाळेतून आला की मला समदं सांगतोस का न्हाई? मला काय ठावं नसतंय व्हय?"

मी हे घरात कुणाला सांगितलं नाही. सगळे नाम म्हणत होते, म्हणू देत.

मागणं तिच्या स्वभावातच नव्हतं असंही नाही. बाबांकडं कापूस हक्कानं मागायची, सुनेकडं चहा दिवसातून चारदा. कीर्तनकार बुवांनी एकदा बायकांच्या आळसावर टीका केली, तर दुसऱ्या दिवशी पारावर गाठून त्यांच्याकडून माघार मागितली आणि घेतलीही. देवाकडं मात्र नुसती बातमी. पंढरीला ती उभ्या आयुष्यात एकदाच चालत गेली. लेकरं, मग नातवंडं, मग बाळंतपणं. जायला सवड कुठली? पण ज्येष्ठात शेगावची पालखी परभणीहून गंगाखेडकडं निघाली की दैठण्याच्या रस्त्यावर पिठलं-भाकरी घेऊन आजी हजर. पालखीला डोकं टेकवलं की एखाद्या म्हाताऱ्या वारकऱ्याच्या हातात वातींची जुडी द्यायची. "फुडं पोचवा माउली." त्या जुडीतल्या बातम्या पंढरपूरपर्यंत जात असतील तर त्या वारकऱ्यांनी आमच्या घरातली किती उणीदुणी वाहून नेली असतील, कल्पना करवत नाही.

त्रिपुरी पौर्णिमेची साडेसातशे पदरांची त्रिपुरवात हा तिचा मोठा कारभार. चातुर्मासभर ती एकेक पदर वळायची. एक स्वतःची, दोन दोन्ही लेकींच्या नावानं, एक सुनेच्या. "पोरींना नोकरी, लेकरं, त्यांना कुठला येळ?" म्हणजे 3000 पदर. मोजायला परडीत ज्वारीचे दाणे. एकदा कोंबडीनं परडीत चोच मारली आणि सगळा हिशेब गेला. तिनं परत पहिल्यापासून मोजलं, आणि ती कोंबडी त्या आठवड्यात पाहुण्यांच्या ताटात गेली. आजीनं स्वतः कधी मटण-कोंबडीला शिवलं नाही. पण ह्या खेपेला चूल पेटवून द्यायला मात्र तीच पुढं होती.

2017 साली गुलाबी बोंडअळीनं शिवार खाल्लं. पहिली वेचणीसुद्धा धड नव्हती. बाबांनी त्यातल्या त्यात पांढरा कापूस निवडून तिच्यापुढं आणून ठेवला. तिनं तो परत गाठोड्यात टाकला. "ह्यो इका. मला कवडी द्या औंदा." त्या वर्षीच्या वाती पिवळट, गाठाळ. डब्यात अजून त्यातली एक जुडी आहे. ती कुणीच लावत नाही आणि टाकूनही देत नाही.

ती 2019 च्या कार्तिकात गेली, झोपेत. उशाशी वळायला काढलेला कापूस होता.

2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर आभाळ फाटलं. आमच्या शिवारातही बोंडं झाडावरच सडली. त्रिपुरी पौर्णिमेला मी गावी होतो. डब्यात दोन त्रिपुरवाती उरल्या होत्या, त्यातली एक आईनं तुपात भिजवून दिली. मी ती तुळशीपुढं लावली. साडेसातशे पदरांची ज्योत चांगली हातभर उठली आणि अंगणातल्या भिंतीवर हलायला लागली. मला हरिपाठ येत नाही. हात जोडून उभं राहिलो तर काय म्हणावं ते सुचेना.

मग हळूच म्हणालो, "पाऊस लई झाला. कापूस गेला. दोन एकर सोयाबीन पाण्यात कुजलं. बाबांचा गुडघा दुखतोय. पोराला गणितात कमी मार्क पडले…"

मागं आई कधी येऊन उभी राहिली होती, कळलं नाही.

"दोन कुठलं," ती म्हणाली, "तीन एकर गेलं. आत्याबाईला नीट सांग."