खोलोद्नी, कापलेले मूळ आणि आपली कपाशी

बी.एस्सी.च्या वनस्पतिशास्त्राच्या पेपरात, रोप उजेडाकडे किंवा वर-खाली का वळते हे सांगणारा ‘चोलोडनी–वेंट सिद्धांत’ हा प्रश्न ठरलेला असतो. विद्यार्थी एका बाजूने उजेड येत असलेला कोंब काढतात, त्याच्या सावलीच्या बाजूला वाढ घडवणाऱ्या पदार्थाचे ठिपके जास्त दाखवतात, खाली दोन ओळी लिहितात आणि गुण घेऊन मोकळे होतात. वेंट हे डच शास्त्रज्ञ होते, एवढे काहींना माहीत असते. जोडनावातील पहिले गृहस्थ मात्र आमच्या मराठवाड्यातील वर्गांमध्ये वर्षानुवर्षे केवळ नावापुरते उरले आहेत. त्यांच्याविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते, कारण वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकाला त्यांच्या कामात शिकण्यासारखे फार आहे.

पाठ्यपुस्तकांतील ‘चोलोडनी’ म्हणजेच मिकोला ग्रिहोरोविच खोलोद्नी. त्यांचा जन्म १८८२ मध्ये रशियातील तांबोव्ह येथे झाला, परंतु त्यांचे शिक्षण, अध्यापन आणि संशोधन घडले ते युक्रेनच्या राजधानीत, कीवमध्ये. कीव विद्यापीठातून १९०६ मध्ये पदवी घेतल्यावर ते तेथेच शिकवू लागले आणि पुढे प्राध्यापक झाले. १९२९ मध्ये युक्रेनच्या विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले. महायुद्ध, क्रांती, यादवी आणि दुष्काळ हे सर्व त्यांच्या उमेदीच्या काळात येऊन गेले. अशा दिवसांत महागड्या यंत्रांवर विसंबून काम करणे शक्यच नव्हते आणि खोलोद्नी त्यांच्यावर विसंबलेही नाहीत. मोड आलेली रोपे, धारदार पाते, काचपट्ट्या आणि एक सूक्ष्मदर्शक, एवढ्या सामग्रीवर त्यांचे बहुतेक महत्त्वाचे काम उभे आहे.

कीवजवळ द्नीपर नदीच्या काठी एक जीवशास्त्रीय केंद्र होते. तेथे त्यांनी पाण्यातील लोहजीवाणूंचा अभ्यास केला आणि त्यावरचा त्यांचा जर्मन भाषेतील ग्रंथ १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला. साचलेल्या पाण्यावर किंवा जुन्या नळाच्या तोंडाशी गंजासारखा तांबूस, बुळबुळीत थर धरतो, त्यामागे पुष्कळदा हेच जीवाणू असतात. त्यांपैकी गॅलिओनेला नावाचा जीवाणू सूक्ष्मदर्शकाखाली पीळ दिलेल्या फितीसारखा दिसतो आणि ही फीत म्हणजेच तो जीव, असे आधीचे निरीक्षक समजत होते. खोलोद्नी यांनी दाखवून दिले की फितीच्या टोकाला घेवड्याच्या दाण्याच्या आकाराची एक इवलीशी पेशी असते, जिवंत भाग तेवढाच असतो आणि फीत हा तिने बाहेर टाकलेला, लोहाने माखलेला स्राव असतो. ही पेशी धक्का लागताच फितीपासून सुटते, म्हणूनच ती इतरांच्या नजरेतून निसटली होती. जीव जेथे आहे तेथेच, त्याला न दुखावता पाहावा, ही त्यांची रीत येथे प्रथम ठळकपणे दिसते.

ज्या कामामुळे त्यांचे नाव पाठ्यपुस्तकांत गेले ते मात्र याहून वेगळे आहे. चार्ल्स डार्विन आणि त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी १८८० मध्येच दाखवले होते की गवतवर्गीय रोपाचा कोंब उजेडाकडे वळतो तेव्हा उजेड ओळखतो तो शेंडा आणि वाकतो तो त्याखालचा भाग, म्हणजे शेंड्याकडून खाली काहीतरी निरोप जात असला पाहिजे. खोलोद्नी यांनी हाच प्रश्न गुरुत्वाकर्षणाच्या बाबतीत विचारला. त्यांनी ल्युपिन या शेंगवर्गीय वनस्पतीच्या रोपांच्या खोडातील मधला गाभा काढून टाकला, तेव्हा आडवी ठेवलेली ही रोपे वर वळेनाशी झाली. मग त्या पोकळीत त्यांनी मक्याच्या कोंबाचा कापलेला शेंडा बसवला आणि रोपे पुन्हा वर वळू लागली. एका कुळातील वनस्पतीचा शेंडा दुसऱ्याच कुळातील खोडाला वाकवू शकतो, याचा अर्थ निरोप नेणारा पदार्थ दोघांतही सारखाच काम करतो.

मुळांवरचा त्यांचा प्रयोग मला त्याहूनही अधिक धीट वाटतो. मक्याच्या मुळाचे टोक कापले तर मुळाची वाढ खुंटेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ते काही काळ अधिक वेगाने वाढते आणि टोक परत चिकटवले की वाढ पुन्हा मंदावते. मुळाच्या टोकाऐवजी कोंबाचा शेंडा चिकटवला तरी परिणाम तोच होतो. म्हणजे कोंबाला वाढवणारा पदार्थच मुळाला आवरून धरतो. रोप आडवे पडले की हा पदार्थ खालच्या बाजूला अधिक साचतो. त्यामुळे कोंबाची खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा जास्त वाढून कोंब वर वळतो आणि मुळाची खालची बाजू मागे पडून मूळ खाली वळते. एकाच पदार्थाची एकच असमान विभागणी दोन परस्परविरुद्ध दिशांचा उलगडा करते, आणि या मांडणीतील हा नेटकेपणा आमच्या परीक्षेतील ठिपक्यांच्या आकृतीत कधीच उतरत नाही. खोलोद्नी यांनी हा विचार १९२७ मध्ये सर्व वळणांना लागू होईल अशा स्वरूपात मांडला. उट्रेक्टमध्ये फ्रिट्स वेंट यांनी तो पदार्थ अगर या जेलीसारख्या पदार्थाच्या तुकड्यात उतरवून मोजला आणि १९२८ मध्ये ते स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला आले. तो पदार्थ म्हणजे ऑक्झिन.

याची साक्ष आपल्या रानात जागोजागी मिळते. वाऱ्यापावसाने आडवी झालेली कोवळी ज्वारी पेरांपाशी वळून पुन्हा वर उठते, ती पेराची खालची बाजू जास्त वाढल्यामुळे. कपाशीची पातेगळ आणि मोसंबीची फळगळ थांबवण्यासाठी जे एन.ए.ए. फवारले जाते, तेही ऑक्झिनचेच कृत्रिम रूप आहे. आणि टू-फोर-डी हे तणनाशकही तेच आहे, हे सांगितले की वर्गातील शेतकऱ्यांची मुले सावरून बसतात. रुंद पानांच्या तणांना हे कृत्रिम ऑक्झिन लवकर मोडून टाकता येत नाही, त्यामुळे त्यांची वाढ बेताल होऊन ती मरतात. ज्वारी, मका, ऊस ही गवतवर्गीय पिके ते पुष्कळ अंशी पचवतात. कपाशी मात्र त्याला अतिशय हळवी असते. शेजारच्या उसात फवारलेले औषध वाऱ्यावर येऊन, किंवा तोच पंप नीट न धुता वापरल्यामुळे, कपाशीची पाने भेंडीच्या पानांसारखी चिरलेली आणि अरुंद होतात. त्यावर रोग समजून बुरशीनाशकांचा मारा होतो आणि पैसा वाया जातो. रोपातील पदार्थाची अत्यल्प मात्रा काय करू शकते, हे खोलोद्नी पात्याने आणि मक्याच्या शेंड्याने दाखवत होते. बांधावरच्या भांडणात तेच तत्त्व दिसते, एवढेच की तेथे कोणी ऑक्झिनचे नाव घेत नाही.

सिद्धांतावर आक्षेपही आले. १९७० नंतर काही संशोधकांनी दाखवले की वाकणाऱ्या भागाच्या दोन बाजूंतील ऑक्झिनचा मोजलेला फरक वाकण्याच्या मानाने फारच कमी भरतो. काही काळ ही मांडणी इतिहासजमा होणार, असे वाटत होते. मग मोहरीच्या कुळातील अॅराबिडॉप्सिस या लहानशा रोपात ऑक्झिन पेशीबाहेर नेणारी ‘पिन’ नावाची प्रथिने सापडली. मूळ आडवे करताच टोकाच्या पेशींतील यांपैकी एक प्रथिन काही मिनिटांत खालच्या बाजूला सरकते, असे २००२ मध्ये दिसून आले. खोलोद्नी यांनी कल्पिलेली असमान विभागणी अशा रीतीने पेशीच्या पातळीवर येऊन टेकली, जरी प्रत्येक वळणाचे सर्व स्पष्टीकरण त्यात येते असे आज कोणी म्हणत नाही.

उत्तरायुष्यात त्यांनी माणूस हा विश्वाचा केंद्रबिंदू नसून त्याचा एक भाग आहे, असा विचार ‘मानवविश्ववाद’ म्हणता येईल अशा नावाने मांडला. तो मी वरवरच वाचला आहे आणि त्यात प्रयोगांइतकी धार मला जाणवली नाही. १९५३ मध्ये त्यांचे कीवमध्ये निधन झाले. तेथील वनस्पतिशास्त्र संस्थेला आज त्यांचे नाव आहे.

त्यांची आणखी एक देणगी आमच्या महाविद्यालयांना तर फुकटात वापरण्याजोगी आहे. स्वच्छ काचपट्टी मातीत उभी पुरायची, दोन-तीन आठवड्यांनी अलगद काढायची, सुकवून रंगवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. मातीतील जीवाणू आणि बुरशीचे तंतू ज्या मांडणीत राहतात त्याच मांडणीत काचेवर दिसतात. इटलीतील रोस्सी आणि खोलोद्नी यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते आणि खोलोद्नी यांचे त्यावरील लेखन १९३० चे आहे. शेणखत घातलेल्या काळ्या मातीत एक आणि नुसत्या रासायनिक खतावरच्या मातीत दुसरी, अशा दोन पट्ट्या पुरून विद्यार्थ्यांना शेजारी शेजारी पाहायला देता येतात. माती फार कोरडी असेल तर काचेवर काही धरत नाही, म्हणून हे काम पावसाळ्यात, वाफसा आल्यावर करावे.